नायिकेची खोली भाड्याने देणे आहे

कर्नाटकच्या हद्दीतल्या कमलनगरात मला राहायला खोली मिळाली ती माझ्या आवाजावर. पगार किती, गाव कोणतं, जात कोणती, लग्न झालंय का, अंडी खाता का, यातलं घरमालकांनी काहीएक विचारलं नाही. मी दारात उभा, खांद्याला बॅग, काखेत वळकटी. आतून एक उंच, सडपातळ म्हातारे बाहेर आले. अंगात बनियन, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, चष्मा पार टाळूवर चढवलेला आणि हातात एक उघडं पुस्तक. माझ्या नाकासमोर ते पुस्तक धरून म्हणाले, "वाचा."

"काय वाचू?"

"धाकट्या भावाचं बोलणं. हितून हितपर्यंत. मोठ्यानं."

मी नुकताच तिथल्या मराठी शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलेलो. वाटलं, या गावात भाडेकरू साक्षर आहे की नाही ते आधी तपासत असावेत. मी वाचलं. त्या धाकट्या भावाला घर सोडून कायमचं जायचं होतं आणि तसं तो थोरल्याला सांगत होता.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "सर, हा मानूस घर सोडायलाय. तुम्ही तर गूळ आणायला दुकानात जायलाव. परत वाचा."

परत वाचलं. आतून बाईचा आवाज आला, "अव, जरा जोरात वाचा म्हणा त्यास्नी. कढईच्या आवाजात मला कायबी ऐकू येईना."

मग मी इरेला पेटलो. वळकटी खाली टाकली, हात उगारला आणि असा काही ओरडलो की गल्लीतलं एक कुत्रं उठून पुढच्या ओट्यावर जाऊन बसलं. म्हातारे प्रसन्न झाले. "चालतंय. मधली खोली तुमची. नळाला पाणी सकाळच्याला येतंय. च्या घ्या."

त्यांना सारं गाव अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. त्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं, पण ते थोरला मुलगा बघायचा. अप्पा दुकानात बसले तर गिऱ्हाईकाला तुरीच्या बियाण्याऐवजी नव्या नाटकाची गोष्ट देऊन परत पाठवत, म्हणून मुलानेच त्यांना घरी बसवलेलं. घरामागे ओळीने खोल्या होत्या. त्या त्यांनी मुलांसाठी बांधल्या होत्या. मुलं बंगळूर, हैदराबाद अशी पांगली आणि थोरल्याने स्वतंत्र घर केलं. रिकाम्या खोल्यांचं काय करायचं हा प्रश्न दुसऱ्या कुणी पैशाने सोडवला असता. अप्पांनी तो पात्रांनी सोडवला.

म्हणजे असं की, रविवारी दुपारी त्यांच्या अंगणातल्या पत्र्याखाली नवीन नाटकाचं वाचन व्हायचं. त्यासाठी लागतील तसे आवाज त्यांनी खोल्यांत भरले होते. कोपऱ्यातल्या खोलीत वीज खात्यातला लाइनमन. मूळचा आळंदकडचा, घरची बोली कन्नड, मराठी कामापुरतं. त्याला खोली कशी मिळाली? तो खांबावर चढला होता आणि खाली कुणीतरी तारेजवळ शिडी लावली. त्याने वरून जी हाक मारली ती अप्पांनी घरात ऐकली. धावत खांबाखाली आले आणि वर बघून म्हणाले, "लाइनमनसाब, तुम्ही राहता कुठं? आमच्याकडं बापाची खोली रिकामी हाय." बिचारा लाइनमन त्यांचे वडील वारले असतील असं समजून दोन्ही हात सोडून नमस्कार करणार होता. थोडक्यात वाचला.

माझी खोली धाकट्या भावाची. तिच्या शेजारची नायिकेची. ती मी आलो तेव्हा रिकामीच होती आणि कितीतरी दिवस रिकामी राहिली. चांगली चांगली बिऱ्हाडं विचारायला येत. तलाठी आले, औषधाच्या दुकानदाराचे सासरे आले. अप्पा हात जोडून सांगत, "खोली हाय, पर नायिकेची हाय." तलाठी आजही गावात सांगतात की अप्पांनी म्हातारपणी कुणालातरी ठेवायचा विचार केला होता.

अक्का म्हणजे अप्पांच्या बायको. त्या यावर संतापत. "तुमच्या नायिकेच्या खोलीत उंदरं नांदायलीत. त्यातल्याच एका उंदरीला द्या की ते पुस्तक."

शेवटी ठाणाकुशनूरची एक नर्स आली. सरकारी दवाखान्यात नवीन बदलून आलेली, उन्हातनं जीपच्या मागच्या फळीवर बसून आलेली, तोंड लालबुंद. अप्पांनी सवयीप्रमाणे पुस्तक पुढे केलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी खोली बघायला आले. तोंडाची परीक्षा द्यायला न्हाई. द्यायची असली खोली तर द्या, नसली तर न्हाई म्हणा. उन्हात उभं करून पुस्तकं कामून दाखवायलाव?"

अप्पांचे डोळे भरून आले, अगदी खरोखर. आत वळून ओरडले, "अगं ऐकलीस का? किल्ली आण! आली!"

त्यांचा एकच नियम होता. नाटक नवं पाहिजे आणि लिहिणारा जिता पाहिजे. जुन्या नाटकाचं नाव काढलं की ते असा चेहरा करायचे, जणू कुणी शिळी भाकरी नाकाला लावलीय. आमच्या भागात जत्रेत दरवर्षी तेच एक पौराणिक नाटक व्हायचं. मराठी वस्तीत मराठीत, कन्नड वस्तीत कन्नडमध्ये. लोक राक्षसाचे संवाद राक्षसाच्या आधी म्हणायचे. अप्पा तिथे चुकूनही फिरकत नसत. म्हणायचे, "पुढं काय व्हनार ते मला ठावं, नटाला ठावं, पडदा ओढणाऱ्याला ठावं. मग हे चाललंय कुणासाठी? नव्या नाटकात कसं, लिहिणाऱ्यालाबी नीट ठावं नसतंय. आपुनबी त्याच्यासंगं अंधारात. मजा हाय का न्हाई?"

पुस्तकं ते लातूरहून, उदगीरहून, पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवत. नवीन पुस्तक हातात आलं की नाटकाचं नाव नंतर, लेखकाचं त्याच्याही नंतर. आधी ते एक पान काढायचे. नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीला एक पान असतं, ज्यावर पहिला प्रयोग कुठे झाला, कोणत्या संस्थेने केला, कुणी कोणती भूमिका केली ते छापलेलं असतं. तुम्ही-आम्ही ते उलटून पुढे जातो. अप्पा ते उभं राहून मोठ्याने वाचायचे, प्रकाशयोजना आणि रंगभूषेपर्यंत सगळं. "पहिला प्रयोग, मुंबई." मग थांबायचे. "पुणे." थांबायचे. "मुंबई. परत मुंबई." आणि पुस्तक मिटून म्हणायचे, "सर, ह्या पानावर एक डाव कमलनगर छापून आलं पायजे. बास. मला दुसरं कायबी नको. कुणीतरी नाटक लिहावं आणि त्याला सगळ्यात आधी हितल्या लोकांनी बघावं. नेहमी आपल्याला उष्टंच कामून मिळतंय?"

हे ते हसत सांगायचे, पण हसण्याच्या खाली काय आहे ते सगळ्या भाडेकरूंना माहीत होतं. लाइनमन तर एकदा म्हणाला, "अप्पा, तुम्ही रोज लिंगपूजा करताना हेच मागतेत काय?" अप्पा म्हणाले, "देवाला नाटकातलं काय कळतंय? त्याला पुढचं सगळं आधीच ठावं."

आणि फोन! पुस्तकात परवानगीसाठी लेखकाचा पत्ता किंवा नंबर असतो. अप्पा अंगणात वाचायचीसुद्धा परवानगी मागत. लेखक गोंधळत. "घरी वाचायला परवानगी कशाला?" असं म्हणत. परवानगी मिळाली की वाचन आणि वाचन झालं की परत फोन. त्यात ते कौतुक करत नसत, टीकाही करत नसत. चौकशी करत. "तुमच्या दुसऱ्या अंकातली ती विहीणबाई रुसून गेली, ती पुढं कुठं हाय? माहेरी हाय का? कुणी आणायला गेलं का न्हाई?" एका लेखकाने हा फोन थट्टा समजून ठेवून दिला. दुसऱ्याने सांगितलं की हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि पुढच्या रविवारी त्यानेच आपणहून फोन करून सांगितलं की विहीणबाई परत आल्या. अप्पांनी अक्कांना हाक मारून गोडाचं करायला सांगितलं.

अक्का स्वतः एक संस्था होत्या. वाचनाला त्या भरताची वांगी किंवा निवडायची भाजी घेऊन बसत. पहिला अंक संपला की अप्पा पुस्तक मिटत आणि दोन्ही हात वर करून विचारत, "आता पुढं काय व्हईल?" प्रत्येकाने सांगायचं. मी चुकायचो, नर्सबाई भांडायच्या, लाइनमन "गोत्तिल्ला" म्हणजे माहीत नाही असं सांगून सुटायचा. अक्कांची पाळी शेवटी. रोज रात्रीच्या मालिका बघून त्यांचा हात चांगला बसला होता. "ही त्याला जहर देणार, पर जहर सासू पिणार," असं त्या देठ खुडता खुडता सांगत आणि बहुतेकदा तसंच निघे. निघालं की अप्पा पुस्तक आमच्याकडे फेकून म्हणत, "शिळं! हिला सुचलं ते लेखकाला सुचलं, मग लेखक कशाला पायजे?" अक्का म्हणत, "मग मलाच लिहू द्या."

अप्पांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. नव्याच्या नादात त्यांनी आमच्याकडून काय काय वाचून घेतलंय ते आठवलं तरी घसा दुखतो. एका नाटकात दोन माणसं संपूर्ण वेळ एका दाराबद्दल बोलायची आणि दार शेवटपर्यंत रंगमंचावर यायचंच नाही. आम्ही झोपेला आलो. अप्पा मात्र "वा! दार आलंच न्हाई!" म्हणून आठवडाभर तल्लीन. अक्कांना त्याचा अंदाज करता आला नव्हता, एवढंच त्याचं मोठेपण.

अप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्या खोल्यांतून मोबाइल दुरुस्तीची आणि झेरॉक्सची दुकानं आहेत. नायिकेच्या खोलीत ब्यूटी पार्लर आहे, ते अप्पांना चाललं असतं. मी नोकरी बदलून केव्हाच उदगीरला आलो. शहरात नवीन नाटक लागलं की जातो, आणि मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला विचारतो, "आता पुढं काय होईल?" लोक उठून दुसरीकडे जाऊन बसतात.

असो. एक लेखक कमलनगरला आला, त्याची गोष्ट सांगतो.

तो नांदेडकडचा, तिशीच्या आतला, पुण्यात कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारा. विहीणबाईंना परत आणणारा तो हाच. त्याने नवीन नाटक लिहिलं होतं, अजून छापलेलं नव्हतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. पुण्यातल्या कुठल्याच संस्थेने ते घेतलं नव्हतं. अप्पांनी फोनवर सांगितलं, "घेऊन या. आमच्याकडं बाप हाय, नायिका हाय, धाकटा भाऊ हाय. घरात सगळे तयार हाईत."

तो आला. काटकुळा, लाजरा, दर वाक्याला सॉरी म्हणणारा. नाटकाचं नाव सांगत नाही, तुम्ही कदाचित ते पाहिलंही असेल. गोष्ट अशी होती: एक निवृत्त बाप एके सकाळी दारावर कागद चिकटवतो, की आजपासून मी कुणाचा बाप नाही, राजीनामा दिला आहे. आणि आपली पिशवी घेऊन ओट्यावर येऊन बसतो. पहिला अंक संपतो.

लेखकाने कागद खाली ठेवले. अप्पांनी हात वर केले. "आता पुढं काय व्हईल?"

आम्ही कुणी काही, कुणी काही बोललो. मग सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. लेखकाला या प्रकाराची कल्पना नव्हती, पण आमचे चेहरे बघून त्याच्याही कपाळावर घाम आला. अक्का मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "व्हायचं काय त्यात? सांजच्याला पोरगी येनार, रडनार, आणि म्हातारा घरात जानार. भुकेजला की सगळे बाप घरात जातेत."

दुसऱ्या अंकात मुलगी येते. रडत नाही. तीही एक कागद आणते, मुलगी असण्याचा राजीनामा. दारावर बापाच्या कागदाशेजारी चिकटवते. मग ओट्यावर बापापासून थोडं अंतर ठेवून बसते आणि विचारते, "आपलं नाव काय? आपण इथे नवीन का?" आणि ती दोघं, आयुष्यात पहिल्यांदा, एकमेकांची ओळख करून घेतात.

अक्कांनी मेथी उचलली, परत ठेवली. म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं."

अप्पा अंगणात नाचले. खोटं सांगत नाही. लेखकाला उचलायला गेले, ते जमलं नाही, तर त्याची पिशवी उचलून नाचले. त्या पत्र्याखालीच ठरलं की हे नाटक आपण करायचं. वाचन नाही, प्रयोग. पहिला प्रयोग. लेखकाने सुट्टी काढून यायचं आणि पुस्तक निघालं की त्या पानावर कमलनगर छापायचं. लेखक म्हणाला, "अप्पा, माझं नाटक कुणीतरी करतंय हेच मला पुष्कळ आहे." अप्पा म्हणाले, "तुमचं जाऊ द्या हो. माझं बघा."

तालमी सुरू झाल्या. लाइनमन बाप, नर्सबाई मुलगी, मी धाकटा भाऊ. अप्पांनी स्वतःकडे एका वाक्याचा पोस्टमन घेतला. लाइनमनला भावना आली की मराठी सुटून कन्नड यायचं. ओळखीच्या प्रवेशात मुलगी नाव विचारते, तिथे तो रोज "नन्न हेसरु", म्हणजे माझं नाव, असं सुरू करायचा. लेखक आधी अस्वस्थ व्हायचा. मग एके दिवशी म्हणाला, "राहू द्या. तसंच राहू द्या." नर्सबाई म्हणाल्या, "न्हाई तर काय. आमच्या घरात तर अब्बाजान दखनी बोलतेत, मी मराठी. भांडताना अडलं का कधी?"

बाजारातल्या धान्याच्या शेडमध्ये प्रयोग ठरला. अप्पांनी कापडी फलक रंगवून घेतला. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, लाल अक्षरांत "पहिला प्रयोग". नाटकाचं नाव त्याहून बारीक. चिंताकीला, ठाणाकुशनूरला जाणाऱ्या जीपवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, जीपवाल्यांनी प्रवाशांना. दवाखान्यात इंजेक्शन देताना नर्सबाई आमंत्रण देत, त्या वेळी नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. आणि लाइनमन स्वतः नाटकात असल्यामुळे त्या संध्याकाळी वीज जाणार नाही, ही गोष्ट नाटकापेक्षाही जास्त लोकांना ओढत होती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आम्ही अप्पांच्या घरी जेवायला बसलो. लेखक ताटातला भात इकडचा तिकडे करत होता. नर्सबाईंनी विचारलं, "काय हो, पोट बिघडलं का? गोळी देऊ?"

त्याने मान हलवून नको म्हटलं. मग सॉरी म्हणाला. सकाळी त्याला पुण्याहून फोन आला होता. तिथल्या एका चांगल्या संस्थेला नाटक आता हवं होतं. नव्या नाटकांच्या मोठ्या स्पर्धेत ते उतरवणार होते. अट एकच, त्या नाटकाचा प्रयोग आधी कुठेही झालेला नसावा. "मी त्यांना नाही म्हणून सांगतो," तो घाईघाईने म्हणाला. "मी सांगणारच होतो. तुम्ही सगळं केलंय, लोक येणार आहेत. मी नाही म्हणतो." आणि मान खाली घालून भात कालवू लागला. ज्या आवाजात तो हे म्हणाला तो आवाज अप्पांनी कुठल्याही भाडेकरूकडून चालवून घेतला नसता. गूळ आणायला जाणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

कुणी जेवेना. लाइनमन पहिल्यांदा बोलला. "मग आमचं काय? एवढे दिवस खांबावर बसून मी वाक्यं पाठ केलोय." मीही म्हणालो की लोकांना काय सांगायचं. नर्सबाई म्हणाल्या, "पुण्यावाल्यांना आजच कसं सुचलं? इतके दिवस काय झोपा काढायले होते?"

 अप्पांनी ताट पुसून खाल्लं, उठले, हात धुतले, बनियनच्या टोकाला पुसले. मग लेखकासमोर येऊन बसले.

"एक सांगा. प्रयोग झाला तर नाटक बाद. तालीम झाली तर?"

"तालमीचं काय, तालमी तर होणारच."

"तालमीला मानसं येऊन बसली तर?"

"बसतात की. कुणीही बसतं."

"किती मानसं बसली तर तालीम मोडती, असं काय लिहिलंय का?"

लेखक म्हणाला, "नाही. पण अप्पा, मग त्या पानावर..."

"पान ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. एवढंच. आणि लगेच उठून आमच्यावर ओरडायला लागले. "बाई, ती जरीची साडी बदला. तालमीला कुणी जरी नेसतंय का? दवाखान्यातलीच नेसा. सर, कागद हातात घ्या. लाइनमनसाब, ती खोटी मिशी काढा. लबाडी करायची न्हाई. तालीम म्हणजे तालीम."

नर्सबाई साडीवरून खूप भांडल्या. ती त्यांनी मैत्रिणीकडून औरादहून आणली होती. शेवटी डोळे पुसत बदलून आल्या.

बाजारात गेलो तर फलक वाऱ्यावर फडफडत होता. अप्पांनी चुन्याची बादली मागवली आणि शिडीवर स्वतः चढले. कुणालाही चढू दिलं नाही. "पहिला प्रयोग" त्यांनी आधी कन्नडमधलं पुसलं, मग मराठीतलं. मराठीतल्या पहिल्या अक्षरावर कुंचला थोडा वेळ थांबला. मग पुढे गेला. पांढऱ्या पट्ट्यावर ओल्या हातानेच त्यांनी कोळशाने लिहिलं: तालीम.

माणसं आली. पोती घेऊन, चटया घेऊन, पानाचे डबे घेऊन. शेड भरली, मग माणसं वजनकाट्यावर बसली, मग बैलगाडीवर. अप्पा पोस्टमनच्या वेषात नव्हे, साध्या धोतरात पुढे आले. "मंडळी, आज नाटक न्हाई. आज तालीम हाय. तालमीला टाळ्या वाजवायच्या नसतेत. एकानंबी वाजवली तर ह्या लेखकाचं नुकसान व्हईल. हात मांडीखाली घ्या." आणि शेडभर लोकांनी खरोखर हात मांडीखाली घेतले.

मग जे झालं ते मी आजवर कुठल्या रंगमंचावर बघितलेलं नाही. पहिल्याच प्रवेशात अप्पा मध्ये ओरडले, "थांबा! सर, परत घ्या." मी परत घेतलं. लोकांना आधी काही कळेना. दुसऱ्यांदा अप्पा ओरडले तेव्हा त्यांना गंमत कळली. बापाने दारावर कागद चिकटवला, पिशवी घेऊन ओट्यावर बसला, आणि मागून एक म्हातारा ओरडला, "परत घ्या! हिकडं दिसलं न्हाई!" लाइनमनने अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "बघायलाय काय? परत घ्या." लाइनमन उठला, कागद काढला, परत चिकटवला, आणि या वेळी असा काही बसला, की मला माझा बाप आठवला.

ओळखीचा प्रवेश आला. मुलगी थोडं अंतर ठेवून बसली. "आपलं नाव काय?" लाइनमन "नन्न हेसरु" म्हणाला आणि पुढे सगळं कन्नडमध्येच बोलत गेला, कुठे जन्मलो, कोणती भाजी आवडते, लहानपणी कशाची भीती वाटायची. नर्सबाई मराठीत विचारत राहिल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. प्रवेश संपला तेव्हा शेडमध्ये कुणी खोकलंही नाही. मग बायकांच्या बाजूने एक बारीक आवाज आला, "परत घ्या ना हो." मग दुसरा. मग सगळीकडून. लेखक खांबाला टेकून उभा होता. त्याने अप्पांकडे बघून मान हलवली. तो प्रवेश आम्ही परत घेतला, आणि परत घेतला.

नाटक संपलं. टाळी नाही. हात मांडीखालीच. काही बाया पदराने डोळे पुसत होत्या, तेही एकच हात काढून. लोक जागचे हलेनात. या शांततेचं काय करायचं ते आम्हाला कळेना. वाकून नमस्कार करावा तर तो प्रयोग झाला असता. अप्पांनी घसा साफ केला आणि रोज तालीम संपली की आम्हाला जे सांगायचे तेच, तसंच कोरड्या आवाजात सांगितलं, "झालं आजचं. उद्या येळेवर या." आणि चटकन पाठ फिरवून दिव्यांकडे गेले.

पुढचं आधी सांगून टाकतो. पुण्यात नाटक झालं, गाजलं, पुस्तक निघालं. पानावर पुणे आहे. अप्पांनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं, प्रकाशयोजना आणि रंगभूषेसकट, एकही शब्द न गाळता, आणि त्याच दिवशी लेखकाला फोन करून विचारलं की आता बाप जेवतो का वेळेवर.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. लेखकाला संध्याकाळच्या गाडीने जायचं होतं. आम्ही त्याला सोडायला बाजारातून निघालो होतो. लाइनमन ड्यूटीवरून सरळ आलेला, पाठीवर दोराचं वेटोळं. अप्पा सगळ्यांच्या पुढे. अक्का म्हणत होत्या की रात्री जेवले नाहीत.

शेडपाशी आलो आणि थांबलो. माणसं बसली होती. पोती, चटया, पानाचे डबे, सगळं कालच्यासारखं. चिंताकीची जीप तेवढ्यात आली, टपावरसुद्धा माणसं. जीपवाल्याने उतरून अप्पांना विचारलं, "उशीर न्हाई ना झाला अप्पा? वाटेत पंक्चर झालं. तुम्ही येळेवर या म्हणलाव, म्हणून बायका दुपारपासून मागं लागलेल्या."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग शेडकडे. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने त्यांना बघितलं आणि शहाण्यासारखे दोन्ही हात मांडीखाली घातले. त्याच्या मागच्यांनीही घातले.

लेखक म्हणाला, "अप्पा, माझी गाडी..."

अप्पांनी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि वजनकाट्यावर ठेवली. मग आमच्याकडे वळून, खांबावर चढलेल्या माणसालाही खाली आणेल अशा आवाजात ओरडले, "बघायलाव काय? लोक येळेवर आलेत. नट कुठं हाईत?"